आजोबांचा कॅमेरा ओळखताना...

घरातील जुन्या पेटीत आजोबांचा कॅमेरा सापडला, की पहिले कुतूहल असते ते त्याच्या नावाचे. लेन्सभोवती 'कॉम्पूर' किंवा 'प्राँटर' अशी अक्षरे दिसतात आणि तेच कॅमेऱ्याचे नाव समजले जाते. वस्तुतः ती शटरची नावे होत. झाइस इकॉन, फोक्टलँडर, आग्फा अशा अनेक कंपन्या ही जर्मन शटरे आपापल्या कॅमेऱ्यांत बसवीत. कॅमेऱ्याचे स्वतःचे नाव बहुधा वरच्या पट्टीवर किंवा चामडी आवरणावर ठसवलेले असते.

काळाचा अंदाजही अक्षरांवरूनच येतो. 'डी.आर.पी.' ही खूण १९४५ पूर्वीच्या जर्मन पेटंटची, तर 'डी.बी.पी.' ही १९४९ नंतरच्या पश्चिम जर्मनीची.

मात्र मागचे झाकण उघडण्याची घाई करू नये. त्यावर लाल काचेची खिडकी असल्यास मंद उजेडात डोकावावे. आकडा दिसला तर आत फिल्म आहे. ३५ मि.मी.च्या कॅमेऱ्यात फिल्म परत गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. ती अडली तरी तोच अर्थ. अशा वेळी कॅमेरा न उघडता फिल्म धुणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. कॅमेऱ्याला बाजारात फारसे मोल नसेलही. पण आतील फिल्मवर घरातल्या कोणाचे तरी न पाहिलेले छायाचित्र असू शकते, आणि उजेड लागताच ते कायमचे पुसले जाते.