घुमटाखालचा थांबा

पादरा गावाच्या एसटी स्टँडवर सकाळी बडोद्याची बस लागली की कॉलेजची मुलं खिडकीची जागा धरतात आणि लगेच मोबाईलमध्ये डोकं घालतात. बहुतेकांचा गेमच चालू असतो. अशा मुलांना जागेवरून उठवून चालायला लावणारा गेम २०१६ साली आला होता, पोकेमॉन गो.

तो एका जागी बसून खेळून भागत नसे. फोनमधल्या नकाशावर ‘पोकेस्टॉप’ दिसायचे आणि पायांनी तिथवर गेल्याशिवाय काही मिळायचं नाही. हे थांबे आले कुठून? नायँटिक कंपनीच्या ‘इन्ग्रेस’ या आधीच्या गेमच्या खेळाडूंनी आपापल्या भागातले पुतळे, जुन्या वास्तू, भित्तिचित्रं सुचवली होती. तीच यादी इथे कामी आली. विद्यापीठाच्या आवारात अशा जागांना काय तोटा? म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी त्या उन्हाळ्यात आवारातल्या पोकेमॉनचे फोटो सोशल मीडियावर टाकले, नव्या विद्यार्थ्यांसाठी फेऱ्या काढल्या. थांब्यावर ‘लूर’ नावाचं आमिष लावलं की अर्धा तास तिथे पोकेमॉन येत राहत, आणि ते जवळच्या सगळ्यांनाच दिसत. हे आमिष ग्रंथालयाच्या दारात लावलं, तर मुलं ग्रंथालयाच्या दारात येणार. तिथून आत नेणं मात्र गेमचं काम नव्हे.

गुजरातेत हा गेम पोचला तो थेट उच्च न्यायालयात. देवळांत गेममधली अंडी दिसतात, भावना दुखावतात, अशी याचिका सप्टेंबर २०१६ मध्ये दाखल झाली. ती तक्रार मला क्षुल्लक वाटत नाही. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयालाही ‘इथे खेळू नका’ असं सांगावं लागलं होतं. थांबा कुठे आहे, हे विद्यापीठाने पोस्ट टाकण्याआधी बघायलाच हवं. पुढे मार्च २०१९ मध्ये राजकोटला पब्जी हा मोबाईल गेम खेळल्याबद्दल मुलांना अटक झाली, त्यांत कॉलेजचे विद्यार्थी होते. मुलं जिथे रमतात तिथे आपण का जाऊ नये, हा प्रश्न मागेच राहिला, याचं वाईट वाटतं.

वाईट अशासाठी, की बडोद्याने हे फार पूर्वी केलंय. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांच्या कामासाठी आणलं. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. सोबत मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे खेळही गेले. सिनेमा तेव्हा अगदी नवलाईचा. लोक चित्रं बघायला जमत आणि ग्रंथालय खात्याशी त्यांची ओळख होई.

आजही ते जमेल. सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा, वास्तुविशारद चिझमने उभारलेला घुमट बघा. १८८१ च्या बडोदा कॉलेजची ही वास्तू. विद्यापीठाने तिच्याबद्दलच्या पोस्टमध्ये नुसतं ‘इथे पोकेमॉन आहे’ लिहून काय होणार? वर बघ, हा घुमट कोणी बांधला, आत कोणते विषय शिकवतात, प्रवेशाचा अर्ज कुठे मिळतो, हे चार ओळींत गुजरातीत आणि मराठीत लिहावं. आणि त्यातली एक ओळ पादऱ्याहून कुठल्या बसने यायचं, याची असावी.