लघवीच्या पिशवीची दुर्बीण : कोरी की धुतलेली?

खुटबाव, यवत, केडगाव भागातल्या वस्त्यांमधून पुण्याला तपासणीसाठी जाणारी माणसे आम्हाला हल्ली एक प्रश्न विचारतात. "ताई, लघवीच्या पिशवीत दुर्बीण टाकून बघायचे आहे. एकदाच वापरायची कोरी दुर्बीण हवी असेल तर वेगळे पैसे भरा म्हणतात, नाहीतर आधी वापरलेली धुऊन वापरतात. काय करू?"

'आधी वापरलेली' म्हटले की अंगावर काटा येतो. गरिबाला उष्टे आणि पैसेवाल्याला कोरे, असेच मनात येते. आपल्या माणसांच्या मनात ते येणे साहजिकच आहे. पण भीतीपोटी कर्ज काढण्याआधी किंवा तपासणी टाळण्याआधी गोष्ट नीट समजून घ्या.

ही तपासणी उगाच सांगत नाहीत. लघवीतून रक्त गेले आणि दुखले नाही, तर माणूस ते अंगावर काढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर अजिबात काढू नये, कारण पिशवीच्या कॅन्सरचे सगळ्यात मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आत ठेवलेली नळी, म्हणजे स्टेंट, काढायलाही हीच दुर्बीण लागते. त्रास थांबला म्हणून स्टेंट विसरून जाणारे रुग्ण आहेत. पुढे त्या नळीवरच खडे धरतात आणि किडनी धोक्यात येते. स्टेंट काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

धुऊन वापरायच्या दुर्बिणी दोन जातीच्या. एक सरळ, स्टीलची. त्यातल्या बऱ्याचशा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक करता येतात. दुसरी मऊ, वाकणारी. तिने रुग्णाला त्रास कमी होतो, पण बहुतेक मऊ दुर्बिणींना ती उष्णता सोसत नाही. म्हणून ती औषधी द्रावणात बुडवून ठेवतात. खरा प्रश्न इथे आहे. दुर्बीण बाहेर काढल्याबरोबर पुसायची, कुठे भोक पडले नाही ना ते तपासायचे, आतल्या बारीक नळीतून ब्रश फिरवायचा, मग द्रावणात ठरलेली मिनिटे पूर्ण बुडवायची, निर्जंतुक पाण्याने खळाळून धुवायची आणि कोरडी करायची. ब्रश फिरवलाच नाही तर द्रावण कितीही जहाल असो, आत चिकटलेल्या घाणीखाली जंतू जिवंत राहतात. ओली ठेवली तर रात्रीत पुन्हा वाढतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये याबद्दल डॉक्टरांना सावध केले. जानेवारी २०१७ ते फेब्रुवारी २०२१ या काळात धुऊन वापरलेल्या मूत्रमार्गाच्या दुर्बिणींबाबत जंतुसंसर्गाच्या किंवा दूषित असल्याच्या साडेचारशेहून जास्त नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. धोका एकूण कमीच आहे, असेही त्यांनी तेव्हाच सांगितले. म्हणजे नीट धुतलेली दुर्बीण उष्टी नव्हे. अर्धवट धुतलेली मात्र घातक.

एकदाच वापरायच्या दुर्बिणीत धुण्याची भानगड नाही. जिथे धुण्याची सोय नाही तिथे, किंवा अंगातली ताकद फार खचलेल्या रुग्णासाठी, ती उपयोगी आहे. पण तिची किंमत हजारांत जाते आणि दर तपासणीमागे कचरा होतो. शिवाय एकदाच वापरायची वस्तूही धुऊन पुन्हा वापरणारे आपल्याकडे कमी नाहीत. पैसे भरलेच तर सीलबंद पाकीट समोर फोडायला सांगा आणि बिलावर तिची नोंद मागा.

आमचे मत स्पष्ट आहे. रुग्णाने खिशातून कोरी दुर्बीण घ्यावी हा उपाय नाही. रांगेत पन्नास माणसे आणि दुर्बिणी दोन, अशा ठिकाणी बुडवून ठेवायची मिनिटे कापली जातात. मागणी करायची ती जास्त दुर्बिणींची आणि धुणाऱ्या हातांची. ते हात कोणाचे, हेही बघा. कंत्राटावरच्या मावशी आणि मामा, पुष्कळदा आपल्याच वस्तीतले. ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने डोळे चुरचुरतात, दम्याचा त्रास जडू शकतो. तरी त्यांना साधे हातमोजे मिळत नाहीत, खोलीला खिडकी नसते. ज्याला नीट शिकवले नाही आणि महिना संपला तरी पगार दिला नाही, त्याच्याकडून घड्याळ लावून काम कसे मागायचे?

पिशवीच्या कॅन्सरच्या रुग्णांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. त्यांना ही तपासणी वारंवार करावी लागते. 'ओपीए' नावाच्या द्रावणात ठेवलेल्या दुर्बिणीने अशा काही रुग्णांना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली आहे. म्हणून त्यांच्यासाठी ते द्रावण वापरू नये, असे बनवणारेच सांगतात. आत जाण्याआधी सिस्टरला विचारा, "दुर्बीण कशात ठेवली होती?" विचारले म्हणून रागावणाऱ्यांनी रागवावे.

पैशाचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. दौंडचे उपजिल्हा रुग्णालय त्यातच येते. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे तिथले नियम वेगळे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल, तर योजनेतल्या दवाखान्यात वरचे पैसे मागता येत नाहीत. मागितले तर आरोग्यमित्राला गाठा किंवा १५५३८८ वर तक्रार करा.

तपासणीआधी लघवी तपासून घ्या. जंतू असतील तर आधी औषध, मग दुर्बीण. साखर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी गुलाबी येते. पाणी भरपूर प्या. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर सकाळच्या पुणे गाडीची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा.