हुबळीच्या टाकीतलं झेनिया कारवारच्या समुद्रात सोडू नका



नोकरी-धंद्यासाठी हुबळी-धारवाडला राहिलेल्या आपल्या लोकांची मुलं हल्ली घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात. समुद्र लांब, पण घरात रोज दिसतो. माझ्या भाच्याकडेही अशी टाकी आहे. परवा त्याचा फोन आला, "मामा, झेनियाने सगळे दगड व्यापले. रविवारी पाणी भरायला कारवारला येतोच आहे, तर जादाचे दगड समुद्रात सोडू का?" मी म्हटलं, अजिबात नको. का नको, ते सगळ्यांसाठीच लिहितो.

झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, केनिया ट्री ही सगळी सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ. कडक प्रवाळासारखा चुनखडीचा सांगाडा बांधायचा नसतो, म्हणून भराभर वाढतात. ग्रीन स्टार पॉलिप जांभळ्या चटईसारखं पसरत काचेवरही चढतं. केनिया ट्री आपल्या फांद्या आपणच गाळतं, आणि फांदी पडेल तिथे नवीन रोप. झेनियाचा तुकडा पंपाच्या प्रवाहात वाहत जाऊन दुसऱ्या दगडाला चिकटतो. मग शेजारच्या कडक प्रवाळाला उजेडच मिळत नाही.

आता हेच मोकळ्या समुद्रात झालं तर? व्हेनेझुएलात झालंय. तिथल्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याला झेनियाच्याच कुळातलं एक प्रवाळ पसरलं. ते मूळचं आपल्याकडच्या, म्हणजे हिंदी-प्रशांत महासागराच्या पाण्यातलं. मत्स्यटाकीच्या व्यापारासाठी कोणीतरी तिथे आणून सोडलं असं मानतात. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद छापली. आज ते खडक, प्रवाळ, समुद्रगवत सगळ्यावर गालिच्यासारखं पसरलंय. २०२० मध्ये तेच हवाईच्या पर्ल हार्बरमध्ये सापडलं, आणि ते काढता काढता तिथल्या सरकारी खात्यांचा जीव मेटाकुटीला आला. खडपावर असा गालिचा बसला तर गोबरा, तांबोसा, शेवंड यांनी लपायचं कुठे आणि खायचं काय?

आपल्याकडेही एक पाहुणा आलेला आहे. कॅरिजोआ नावाचं पांढऱ्या फुलांचं मऊ प्रवाळ गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ नोंदवलं गेलंय. ते टाकीतून आलं असं मी म्हणत नाही. ते बोटीच्या बुडाला, दोराला, जेटीच्या खांबाला चिकटून फिरतं आणि सावलीतही वाढतं. हवाईत ते १९७२ मध्ये पहिल्यांदा दिसलं, आणि २००१ च्या पाहणीत माउईजवळच्या खोल पाण्यातली काळी प्रवाळं त्याच्याखाली गुदमरून मेलेली आढळली. म्हणून बोट ओढून बूड खरवडाल तेव्हा निघालेला कचरा परत पाण्यात ढकलू नका, भरतीच्या रेषेच्या वर टाकून वाळू द्या.

टाकीवाल्यांसाठी आता. पसरणारं कोरल पहिल्यापासून वेगळ्या दगडावर ठेवा, चारी बाजूंनी मोकळी वाळू सोडा. चटईसारखं वाढणारं वाळू ओलांडायला कंटाळतं. वाढलंच तर टाकीत कात्री चालवू नका, एकाचे दहा होतील. दगड बाहेर काढून खरवडा. दगड निघत नसेल तर पंप बंद करून चुन्याची दाट पेस्ट सिरिंजने थोडी थोडी लावा. एकदम जास्त लावलीत तर सगळं पाणी बिघडून मासेच मरतील. माशांना खाणं कमी घाला, पाणी वेळच्या वेळी बदला, वाढ थोडी मंदावते. पण नुसत्या तेवढ्याने झेनिया जात नाही, हे भाच्याने करून पाहिलंय.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी आहे. बटणासारखे दिसणारे झोअँथिड किंवा पॅलिथोआ असलेला दगड कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका. त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. ते वाफेतून, उडालेल्या थेंबातून डोळ्यात किंवा श्वासात जातं, आणि अख्खं घर इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात घडल्यात. हातमोजे, चष्मा घाला, आणि असा दगड पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या.

बाकीचं नको असलेलं कोरल मारायला सोपं आहे. बादलीभर गोड्या पाण्यात पूर्ण एक दिवस बुडवून ठेवा, मग उन्हात कडकडीत वाळवा. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्यात टिकत नाही. टाकीतलं जुनं पाणी घरच्या मोरीत ओता, कारवारला, गोव्याला किंवा मालवणला नेऊन खाडीत नको. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. टाकी सजवायला खडपातलं जिवंत प्रवाळ तोडून आणलंत तर तो गुन्हा आहे. कडक प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण.

भाचा रविवारी आला तेव्हा गाडीत फक्त रिकामे कॅन होते. दगड हुबळीच्या गच्चीवर वाळत पडलेत.