दुकानासमोरची जागा कोणाची?

दुकानासमोर गाड्यांची रांग उभी असली म्हणजे धंदा जोरात चालला आहे, असा आपल्या बाजारपेठांत एक पक्का समज आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आम्ही जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या बाजारांतून पायी फिरलो. जळगावात फुले मार्केट, सुभाष चौक, दाणा बाजार आणि गोलाणी मार्केटचा परिसर. धुळ्यात आग्रा रोड, पाचकंदील आणि मौलवीगंज. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. जिथे फूटपाथ आहे तिथे त्यावर मोटारसायकली आहेत, आणि जिथे फूटपाथच नाही तिथे गटारीवरच्या ढाप्यावर त्या उभ्या आहेत. पायी चालणारा माणूस रस्त्याच्या मधोमध, रिक्षा आणि लोटगाड्यांच्या गर्दीत, जीव मुठीत धरून चालतो आहे.

या गाड्या कोणाच्या, असे विचारले की दुकानदार म्हणतात, गिऱ्हाइकांच्या. आम्ही थोडा वेळ थांबून पाहिले. सकाळी दुकान उघडताना लागलेली गाडी रात्री दुकान बंद होईपर्यंत जागची हलत नाही. अशी गाडी गिऱ्हाइकाची कशी असेल? ती मालकाची, त्याच्या भावाची किंवा दुकानातल्या पोरांची असते.

साधा हिशेब

आपण व्यापारी माणसे, तेव्हा हिशेबच करू. एका मोटारसायकलीला हँडलसह अडीच फूट रुंदी लागते. म्हणजे चार गाड्या लागल्या की दहा फुटांच्या दुकानाचे तोंड पूर्ण बंद. मालकाच्या आणि नोकरांच्या या चार गाड्या सकाळी ११ ते रात्री ९ अशा दहा तास उभ्या राहतात. त्याच एका जागेवर अर्ध्या अर्ध्या तासासाठी गिऱ्हाइकाची गाडी लागली असती, तर दिवसभरात २० जण येऊन गेले असते. चार जागांवर ८०. याचा अर्थ, आपल्याच गाड्यांनी आपण रोज ८० गाड्यांची जागा अडवून ठेवतो आणि संध्याकाळी गल्ला मोजताना म्हणतो की बाजारात पार्किंग नाही, म्हणून धंदा नाही.

पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब तर कोणी धरतच नाही. यावल, चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर इकडून बसने येणारा माणूस स्टँडवर उतरून पायीच बाजारात येतो. शहरातल्या बायका हातात पिशव्या आणि कडेवर मूल घेऊन पायीच फिरतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुकानांच्या छपराखालची आणि ताडपत्रीखालची सावलीची पट्टी याच लोकांसाठी असायला हवी. ती गाड्यांनी भरली की लोक उन्हात ढकलले जातात. सावलीत गाडी आणि उन्हात गिऱ्हाईक, असा हा उलटा कारभार आहे.

एका कारागिराची गोष्ट

आमच्या परिचयाचे एक शिलाईकाम करणारे वयस्क गृहस्थ आहेत. लहानपणी पोलिओ झाला, पायांत कॅलिपर आहेत, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर फिरतात. ब्लाऊज आणि लग्नाचे कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारा त्यांच्या मोहल्ल्यात दुसरा नाही. दोरा, अस्तर, लेस, बटणे यांची खरेदी ते वर्षानुवर्षे एकाच मोठ्या दुकानातून करीत. सायकल पायरीशी लावायची, कुबड्या काढायच्या, दोन पायऱ्या चढायच्या आणि काउंटरवर बसून माल निवडायचा, असा त्यांचा क्रम होता.

पुढे पायरीसमोर गाड्यांची रांग लागू लागली. सायकल पायरीपर्यंत जाईना. दुकानातला मुलगा भला होता. तो म्हणे, ‘‘चाचा, तुम्ही रस्त्यावरच थांबा, मी बाहेर आणून दाखवतो.’’ तो दोन-तीन रिळे आणून दाखवी आणि चाचा मागून वाजणाऱ्या हॉर्नच्या घाईत त्यातले एक निवडत. अशाच घाईत एकदा अस्तराचा रंग चुकला. नवरीचा ब्लाऊज होता. तो उसवून पुन्हा शिवावा लागला, कापड स्वतःच्या खिशातून भरून द्यावे लागले. त्यानंतर त्यांनी ते दुकान सोडले. आज ते एका आतल्या गल्लीतल्या छोट्या दुकानातून माल घेतात. तिथे रंग कमी मिळतात, दोन पैसे जास्त पडतात, पण काउंटरपर्यंत पोचता येते.

मोठ्या दुकानाच्या मालकाला या गोष्टीचा पत्ताही नसेल. भावावरून भांडणारे गिऱ्हाईक दिसते. ज्याला आत येताच आले नाही, ते गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, फक्त येणे बंद करते.

अपंगांना नेमकी अडचण काय होते?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येच्या २.२१ टक्के. यांत चालण्या-फिरण्यात अडचण असलेले सुमारे ५४ लाख आणि दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख होते. म्हातारपणामुळे गुडघे गेलेले, पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेले आणि गरोदर स्त्रिया या आकड्यांत नाहीत.

अंध माणूस पांढऱ्या काठीने जमीन चाचपत चालतो. उभ्या मोटारसायकलीची दोन चाके जमिनीला टेकलेली असतात, मधला भाग मोकळा असतो. काठी त्या मोकळ्या भागातून पुढे जाते आणि माणूस छातीने हँडलवर किंवा आरशावर आदळतो. नुकतीच उभी केलेली गाडी असेल तर सायलेन्सरचा चटका वेगळाच. हे चटके लहान मुलांच्या पोटऱ्यांवरही सर्रास दिसतात.

चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाची अडचण निराळी. फूटपाथची कड साधारणपणे सहा इंच उंच असते. पुढे वाट अडलेली दिसली तर आपण खाली उतरून रस्त्याने जातो. त्याला उतरता येत नाही. जिथून चढला तिथपर्यंत परत जावे लागते. कर्णबधिर माणूस रस्त्याने चालू शकतो, पण मागून आलेला हॉर्न त्याला ऐकू येत नाही.

फूटपाथवरून खाली ढकलला गेलेला माणूस किती धोक्यात असतो, हे केंद्र सरकारच्या आकड्यांवरून कळते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे पाचातला जवळजवळ एक.

कायदा काय म्हणतो?

पुष्कळ दुकानदारांना वाटते की दुकान आपले म्हणजे समोरची जागाही आपलीच. तसे नाही. ती जागा सार्वजनिक रस्त्याचा भाग आहे. फूटपाथवर गाडी उभी करू नये, हा नियम १९८९ च्या रस्ता-नियमांत होता आणि २०१७ साली त्यांच्या जागी आलेल्या नियमांतही आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किरकोळ गुन्ह्यांचा सर्वसाधारण दंड १०० वरून ५०० रुपये झाला, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल जुन्या भारतीय दंड विधानात २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे तो ५ हजारांपर्यंत होऊ शकतो.

हे फक्त गाड्यांपुरते नाही. पुढे काढलेली पायरी, बोर्ड, कपड्यांचे पुतळे, मालाची खोकी यांनाही कायदा लागू आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी २००३ साली महानगरपालिका आली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ प्रमाणे रस्त्यात अडथळा करणारी वस्तू आयुक्त नोटीस न देताही उचलू शकतात.

अपंगांच्या बाबतीत १९९५ च्या कायद्यानेच फूटपाथला उतार द्यावेत, अंधांसाठी खुणा कराव्यात असे सांगितले होते, मात्र त्याला पालिकेच्या ऐपतीची अट जोडली होती. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, अडथळा नसलेला आणि अपंगांना वापरता येईल असा फूटपाथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

सारा दोष फेरीवाल्यांचा नाही

फूटपाथचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड लोटगाडीवाल्यावर पडते. आपले कितीतरी भाऊ फळे, चपला, कटलरी विकून पोट भरतात. १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे हे स्पष्ट केले, पण पोटापाण्याचा प्रश्न जगण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, हेही मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि ठरलेली जागा यांची तरतूद केली. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत. ज्यांनी प्रमाणपत्र घेतलेले नाही त्यांनी ते जरूर घ्यावे. लोटगाडी रात्री घरी जाते आणि तिच्यावर एक कुटुंब जगते. बंद मोटारसायकलीवर कोणाचे घर चालते?

इतरांनी काय केले?

लंडनमध्ये १९७४ च्या कायद्याने फूटपाथवर गाडी लावण्यास बंदी आली. स्कॉटलंडमध्ये अशी बंदी २०१९ च्या कायद्याने ठरली आणि डिसेंबर २०२३ पासून दंड करण्याचे अधिकार पालिकांना मिळाले. जपानमध्ये १९६२ पासून, मोटार घेण्यापूर्वी ती ठेवायला जागा आहे हे दाखवावे लागते. दूर कशाला, पुण्याच्या महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा भाग त्या दिवसापुरता वाहनांना बंद केला. लक्ष्मी रस्ता म्हणजे कापड आणि सोन्याची भर बाजारपेठ.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, मालकाच्या आणि नोकरांच्या गाड्या दुकानासमोर लावायच्या नाहीत. गल्लीतल्या दहा-बारा दुकानदारांनी मिळून जवळचा एखादा रिकामा प्लॉट भाड्याने घेतला तर माणशी फार खर्च येणार नाही.

दुसरी, दुकानाच्या पायरीसमोर चार फुटांची जागा कायम मोकळी ठेवावी. चाकांची खुर्ची यायला साधारण तीन फूट पुरतात. दोन पांढऱ्या पट्ट्या मारल्या की खूण राहते.

तिसरी, पायरीला धरायला एक लोखंडी नळी बसवावी. उतार करायचा असेल तर एक इंच उंचीला एक फूट लांबी हे प्रमाण धरावे. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार लागतो. तो बाहेर फूटपाथवर काढू नये, नाहीतर एकाची सोय करताना दुसऱ्याची वाट अडेल. दुकानाच्या आतच करावा, किंवा लागेल तेव्हा टाकायची मजबूत फळी ठेवावी.

चौथी, मालाचे टेम्पो सकाळी बाजार भरण्याआधी खाली करून घ्यावेत.

पाचवी, व्यापारी संकुलातले तळघर पार्किंगसाठी मंजूर असेल तर त्यात गोदाम किंवा दुकान थाटू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे पार्किंगच्या जागा ठरविण्याचा अधिकार शासनाला आहे, आणि त्या पालिकेशी विचारविनिमय करून ठरतात. तेव्हा व्यापारी संघटनांनी सह्यांचा अर्ज पालिका आणि वाहतूक शाखा या दोघांकडे द्यावा. आधी स्वतःच्या गाड्या हलविल्या असतील तर त्या अर्जाला वजन येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुम्याच्या नमाजच्या वेळी मशिदीसमोर आणि रमजानच्या रात्रीच्या बाजारात आपणही गाड्या कशाही लावतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ती वस्तू आपलीच गाडी असेल तर? मोहल्ल्यातल्या चार तरुणांनी उभे राहून एक वाट मोकळी ठेवली, तर म्हाताऱ्यांची आणि अपंगांची दुआ मिळेल.

आमची व्यापारी बांधवांना विनंती एवढीच आहे की, उद्या सकाळी दुकान उघडताना स्वतःची गाडी दूर लावून शेवटचे दोनशे पावले पायी चालत यावे. वाटेत कुठे कुठे रस्त्यावर उतरावे लागले, ते मोजावे. आणि दुकानाशी पोचल्यावर पायरीसमोर पाहावे, एखादी तीनचाकी सायकल तिथवर येऊ शकेल की नाही. येऊ शकत नसेल तर त्याच दिवशी ती वाट मोकळी करावी.