उन्हाचे उच्चांक आणि आपली काळजी



एप्रिल उजाडला की रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एकच बोलणे ऐकू येते, "काल पारा कितीवर गेला?" कोणी बेचाळीस सांगतो, कोणी मोबाइलवर पाहून पंचेचाळीस. हा आकडा म्हणजे नेमके काय आणि त्यावरून आपण काय धडा घ्यावा, ते आज थोडक्यात पाहू.

पहिली गोष्ट ही की, वेधशाळेचे तापमान सावलीतले असते. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत तापमापक ठेवतात. पेटीतून वारा खेळतो, पण ऊन आत येत नाही. तेव्हा पेटीत ४३ अंश असतील, तर उघड्या शेतात कापणी करणाऱ्या माणसाच्या अंगाला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो.

जगातील सर्वांत मोठी अधिकृत नोंद अमेरिकेतील डेथ व्हॅली येथील आहे. १० जुलै १९१३ रोजी तेथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. लिबियातील अल् अझिझिया येथील १९२२ सालचा ५८ अंशांचा आकडा पुष्कळ वर्षे पहिला मानला जात होता. परंतु मोजण्यात चूक झाल्याचे आढळल्याने जागतिक हवामान संघटनेने तो २०१२ साली रद्द केला. आपल्या देशातील उच्चांक राजस्थानातील फलोदीचा आहे. १९ मे २०१६ रोजी तेथे ५१ अंश तापमान होते. महाराष्ट्रात नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले. कॅनडासारख्या थंड देशातील लिटन गावीही जून २०२१ मध्ये पारा ४९.६ अंशांवर गेला.

असे उच्चांक आता वारंवार का मोडतात? कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्याने हवेत कर्बवायू वाढला आहे. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीवर पांघरुणासारखे काम करतो व उष्णता बाहेर जाऊ देत नाही. २०२४ हे वर्ष नोंदी सुरू झाल्यापासून जगातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

परंतु माणूस दगावण्यासाठी उच्चांक मोडावाच लागतो असे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा मोठा सोहळा उघड्या मैदानावर झाला. पारा ३८ अंशांच्या आसपासच होता, तरी उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. आपले शरीर घामाने थंड होते. घाम वाळला तरच अंग निवते. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. आपल्याकडे मे महिन्याची हवा कोरडी असते, पण पाणी दिलेल्या उन्हाळी मुगाच्या शेतात आणि जूनच्या ढगाळ दिवसांत हा धोका असतो. रात्रही गरम असेल तर शरीराला विसावा मिळत नाही.

पिकालाही ताप बाधतो. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळीच ऊन तापल्याने उत्तरेत दाणा बारीक राहिला आणि १३ मे २०२२ रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. म्हणून गव्हाची पेरणी लांबवू नये. उशीर झालाच तर लवकर पिकणारे, उष्णता सोसणारे वाण घ्यावे. गव्हाच्या वाणांवर इंदूरच्या संशोधन केंद्रात काम चालते. तेथील सल्ला घ्यावा. दाणा दुधात असताना ऊन वाढले, तर वारा नसताना संध्याकाळी हलके पाणी द्यावे.

आता प्रकृतीविषयी. शेतकाम सकाळी अकराच्या आत उरकावे व पुन्हा चारनंतर करावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, कैरीचे पन्हे घ्यावे. डोक्याला ओले फडके बांधावे. मजुरीवर नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस कमी काम द्यावे, कारण अंगाला उन्हाची सवय व्हावी लागते. थकवा आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट द्यावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचे टळत नाही. तो भाकरीबरोबर खावा हे बरे.

अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी उशीर म्हणजे मृत्यू. ताबडतोब १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.

मजूर स्वतः होऊन "थांबतो" असे सहसा म्हणत नाही, कारण त्याची रोजी बुडते. तेव्हा दुपारी काम थांबवण्याचा शब्द शेतमालकानेच काढावा, आणि त्या विसाव्याची मजुरी कापू नये.