भिंतीवर न मावणारी पोथी

कुडाळहून सावंतवाडीकडे निघालं की लगेच पिंगुळी लागते. बाहेरची बरीच माणसं इथं येतात ती राऊळ महाराजांच्या मठात. त्याच गावात गुढीपूरला ठाकर समाजाची वस्ती आहे. तिथं परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय थाटलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं आणि चित्रकथीच्या पोथ्या असा हा ऐवज. २०२१ साली गंगावण्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गोठ्याचं कौतुक फार झालं. ते रास्तच, पण त्या गोठ्यात काय मांडायचं आणि कसं, हा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो.

कारण चित्रकथीचं चित्र भिंतीसाठी काढलेलंच नसतं. एका आख्यानाची चित्रं, तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त, एकत्र ठेवली की त्यांची पोथी होते. कागद साधारण फूट-दीड फुटाचा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा मांडी घालून बसतो, चित्र मांडीशी उभं धरतो आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन, मध्येच गद्यात समजावून सांगतो. साथीला वीणा, हुडूक, टाळ. प्रसंग संपला की कागद उलटायचा. आता हेच चित्र काचेच्या चौकटीत बसवा. मागची बाजू कायमची भिंतीला लागते, म्हणजे अर्धी गोष्ट तिथंच संपली. उरलेल्या अर्ध्या गोष्टीलाही गाणारा नाही. तिच्याखाली येते शीर्षक आणि माध्यम सांगणारी चिठ्ठी.

चित्रकथीची ही रीत जुनी आहे. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त सापडतो. पिंगुळीच्या ठाकरांना आधार होता सावंतवाडी संस्थानाचा. कोणत्या घराण्यानं कोणत्या गावच्या देवळात कला सादर करायची, हे ठरलेलं असे. पैठणकडच्या चित्रकथींचं नशीब वेगळं. टपोऱ्या डोळ्यांची, ठसठशीत रेषेची ती चित्रं पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, जमवली म्हणून आज केळकर संग्रहालयात पाहता येतात. काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोचली. चित्रं टिकली, सांगणारे राहिले नाहीत. पिंगुळीत दोन्ही आहे, आणि या गोठ्याचं मोल मला तिथं दिसतं.

मोठी संग्रहालयं कागदावरचं काम फार दिवस भिंतीवर ठेवत नाहीत. प्रकाश मंद, साधारण पन्नास लक्स, आणि काही महिन्यांनी चित्र परत अंधाऱ्या कपाटात. दर थोड्या काळानं ‘नवं प्रदर्शन’ लागतं त्यामागे हौस असते तशी कागदाची ही गरजही असते. पोथीनं हे गणित कधीच सोडवलं होतं. बासनात बांधलेल्या चित्राला आख्यानाच्या रात्री, तेही दिव्याच्या उजेडात, काही मिनिटं प्रकाश लागे. मग पुन्हा अंधार. कोकणातला पाऊस, बुरशी, कसर, वाळवी यांच्याशी मात्र बासनाचं नेहमीच चालत नसे.

आणि इथं खरी अडचण येते. जीर्ण झालेल्या चित्रांचं पाण्यात विसर्जन करण्याचीच चित्रकथींमध्ये रीत होती. देवाची मूर्ती भंगली की जे करायचं, तेच. जुनी पोथी जाई, तिच्यावरून उतरवलेली नवी पोथी कथा पुढे चालवी. म्हणजे परंपरेनं जपली ती कथा आणि हात, कागद नव्हे. संग्रहालय नेमकं उलटं करतं. माझ्या मते गंगावण्यांनी रीत मोडली ते बरंच केलं, कारण पाण्यात सोडलेल्या पोथीच्या जागी नवी काढणारे हात कमी होत गेले, तर विसर्जन म्हणजे नुसता नाश. पण मोडलेल्या रीतीतली अर्धी गोष्ट उचलायला हरकत नाही. भिंतीवर आजच्या चित्रकारांनी काढलेल्या प्रती लावाव्यात, त्या विटल्या की बदलाव्यात. मूळ पोथी बासनातच असावी. तिच्यातलं एकेक आख्यान ठरलेल्या संध्याकाळी, गाणाऱ्यासह, शेवटच्या चित्रापर्यंत उलगडावं, आणि पुढच्या खेपेला दुसरं. अशा छोट्या संग्रहालयाला हेच नवं प्रदर्शन शोभेल. त्याला वातानुकूलित दालन लागत नाही.

लागतो तो गाणाऱ्याचा मोबदला. संस्थानकाळी त्यासाठी गावं नेमून दिलेली होती. आजचा पर्यटक आवडलेलं एखादं सुटं चित्र विकत घेतो, चौकट कुठे करून मिळेल ते विचारतो आणि गोव्याला पोचायला उशीर होईल म्हणून उठतो.