उरलेली लोकर, उरकलेले काम नव्हे

विणकाम करणाऱ्या प्रत्येक घरात एक पिशवी असते. बाळाच्या टोपीतून उरलेली पिवळी लोकर, अब्बांच्या मफलरची तपकिरी, कुणाच्या तरी शालीची हिरवी. टाकून देववत नाही आणि एका गुंड्यात स्वेटर पुरा होत नाही. आम्हा दोघी बहिणींपैकी एक साताऱ्यात नांदते, दुसरी सांगलीत. दोन्ही घरच्या पिशव्या एकत्र ओतल्या तेव्हा दीड किलोच्या आसपास लोकर भरली.

ऊसतोडीचा हंगाम होता. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या आपल्या भागात येतात आणि कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारात आईवडील फडात जातात, लहान मुलेही त्यांच्याबरोबर असतात. कृष्णाकाठचा डिसेंबर-जानेवारीचा गारठा आपल्याला ठाऊकच आहे. या लोकरीचे स्वेटर त्या मुलांना द्यायचे, असे आम्ही ठरवले.

पहिला स्वेटर घाईत विणला. हाताला लागेल तो गुंडा लावला, टाके आवळून बंद केले. द्यायला गेलो तर मुलाच्या डोक्यातून गळा गेलाच नाही. त्याच्या आईने काही न बोलता, हसून तो घडी करून ठेवला. परतताना आमच्यापैकी एकीने विचारले, "आपल्या पोराला आपण हा घातला असता का?" दुसरीला उत्तर देता आले नाही.

सूरह अल-बकराच्या 267व्या आयतीची ताकीद नेमकी हीच आहे: अल्लाहच्या मार्गात चांगले तेच द्यावे. जे आपल्याला कुणी दिले तर डोळे मिटूनच घ्यावे लागेल, असे निवडून देऊ नये. उरलेले वापरणे यात कमीपणा मुळीच नाही. प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. पण लोकर उरलेली असली तरी काम उरकलेले नसावे.

मग आम्ही जुन्या पद्धतीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरकडे वळलो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1941 साली कपड्यांवर रेशन आले, तेव्हा बायका जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणत. आपल्याकडे माण-खटाव, जत-आटपाडी भागातल्या घोंगड्यांतही मेंढीच्या लोकरीचे मूळ रंगच शोभा आणतात. पट्टा नेमाने आला की अपुरा पडलेला रंग उणीव वाटत नाही, नक्षी वाटते.

आता आमची रीत अशी. आधी लोकर जाडीप्रमाणे वेगळी करतो. खरी लोकर आणि अॅक्रिलिक एका स्वेटरात घेत नाही, कारण गरम पाण्यात खरी लोकर आटते आणि पट्टे गोळा होतात. चार पदरी लोकरीला 10 नंबरच्या सुया घेतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला साधारण 100 ते 150 ग्रॅम लोकर लागते. निम्मी एका गडद रंगाची ठेवतो. खालची पट्टी, गळा आणि मुंढे त्याच रंगाचे केले की बाकीचे रंग एकत्र बांधले जातात.

पट्टा दोन, चार किंवा सहा ओळींचा ठेवावा. ओळी सम असल्या की धागा सुरुवातीच्या कडेलाच परत येतो आणि अरुंद पट्ट्यांत तो न तोडता कडेने वर नेता येतो. एका ओळीला तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. त्यामुळे उरलेला तुकडा पुरेल की नाही, हे आधीच मोजून कळते. पाठ आणि पुढचा भाग यांचे पट्टे मोजून जुळवावेत, धाग्यांची टोके सुईने आत ओवावीत. आणि गळा? जुन्या काळी लहान मुलांच्या स्वेटरला एका खांद्यावर बटणे असत. आम्हीही तीच लावतो आणि गळ्याचे टाके एक नंबर जाड सुईने सैल बंद करतो. शेवटी स्वेटर धुऊन, सपाट पसरून वाळवतो.

गेल्या हंगामात असे सात स्वेटर झाले. त्यातला निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पाहून आमच्या घरचा धाकटा रुसून बसला, "हा मलाच पाहिजे!" दोन वर्षांपूर्वी वाटेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले. त्याला दुसरा विणून दिला. निळा-पिवळा मात्र ठरल्याप्रमाणे कोपीवरच गेला.

हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी कातडी कमावत, शिवत आणि त्या कमाईतून सदका करत. आपल्या हातात सुया आहेत, पिशवीत लोकर आहे. गाळप सुरू होण्याआधी, पावसाळ्यातच टाके घातले, तर इन्शाअल्लाह थंडीपर्यंत एखादा स्वेटर नक्की पुरा होईल.